बंदूक विकणाऱ्या बांधवांनो, सावध!

शेतराखणीची परवान्याची बंदूक पहिल्यानेंच विकावयास निघालेला आमचा शेतकरी बंधु दलालाच्या तोंडी शब्दावर ती देऊन मोकळा होतो. पुढें कांहीं बरेंवाईट घडलें, कीं पोलिस याच्याच दारीं! वास्तविक १९५९ च्या शस्त्र कायद्याचें ५ वें कलम सोपें आहे. घेणाराकडे परवाना हवा. त्याचें नांव व पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यास अगर जवळच्या पोलिस ठाण्यास लेखी कळवावा. नंतर पुरे ४५ दिवस थांबावें. तोंवर बंदूक हातची सोडूं नये. यांत दलालाचें काय काम? परंतु कायद्याचें ज्ञान थोड्यांचीच मिरास होऊन बसलें आहे. हीं कलमें प्रत्येक ठाण्यांत सोप्या मराठींत लावावीं, अशी सरकारास आमची मागणी आहे. बांधवांनो, अर्जाची पोंच घेतल्यावांचून मात्र उठूं नका!