वाळूत प्लास्टिक : कुठे चालेल, कुठे नाही?

नारळी पौर्णिमा झाली की नाटे, साखरीनाटे, आंबोळगड पट्ट्यातल्या होड्या समुद्रात जातात आणि पाऊस ओसरला की घरांची अडलेली बांधकामे सुरू होतात. दोन्हीकडे एकेक दुखणे आहेच. भरतीच्या रेषेवर पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे, तुटक्या जाळ्यांचे पुंजके पडलेले. इकडे वाळू वेळेवर मिळत नाही. मिळाली तर भाव ऐकून घरधनी गप्प. मग कुणीही विचारणारच, एकाचा कचरा दुसऱ्याची वाळू का होऊ नये?

प्रश्न वेडगळ नाही. आपल्या शेजारीच, फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयातील आणि ब्रिटनच्या बाथ विद्यापीठातील संशोधकांनी मिळून याच्या चाचण्या केल्या. 2018 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की काँक्रीटमधली 10 टक्के वाळू काढून त्या जागी प्लास्टिकचा चुरा घालता येतो. असे झाल्यास वर्षाला 82 कोटी टन वाळू वाचू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे.

मात्र त्यात मेख आहे. उत्तम ठरला तो बाटल्यांचा चुरा, तोही वाळूच्या दाण्याइतका दळून, चाळून घेतलेला. दगडाच्या खडबडीत अंगाला सिमेंट धरून बसते, प्लास्टिकच्या गुळगुळीत अंगावरून ते सुटते. म्हणून प्रमाण वाढले की काँक्रीटची ताकद घटत जाते. पिशव्यांच्या पातळ पट्ट्या घातल्या तर आत पोकळ्या राहतात. आपल्याकडे तर खारा वारा पोकळीतून शिरून सळई गंजवतो आणि स्लॅबचे पोपडे पडतात. हे कोकणात कुणाला सांगायला नको.

दुसरी मेख हिशेबाची. एक ब्रास वाळू म्हणजे 100 घनफूट. त्यातले 10 टक्के म्हणजे 10 घनफूट चुरा आणि एवढ्या चुऱ्याला काही हजार बाटल्या लागतील. पण बाटली भंगारवाला पैसे देऊन नेतोच. खाडीत उरते ते ज्याला कुणी विचारत नाही ते : पाकिटे, पिशव्या, थर्माकोल, जाळी. म्हणजे काँक्रीटला हवे ते आधीच विकले जाते आणि जे विकले जात नाही ते काँक्रीटला नको!

पातळ पिशव्यांसाठी डांबराचा रस्ता अधिक जवळचा. मदुराईचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी पिशव्यांचा कीस तापलेल्या खडीवर टाकून तिला प्लास्टिकचा लेप देण्याची रीत रूढ केली. भारतीय रस्ते काँग्रेसने 2013 साली त्याचे नियम छापले. काँक्रीटमधल्या प्लास्टिकला तसा आधार नाही. वाळू-खडीच्या 2016 च्या भारतीय मानकात भट्टीची मळी आणि जुन्या काँक्रीटचा चुरा बसतो, प्लास्टिक नाही. तेव्हा उद्या कुणी ठेकेदार 'स्वस्तात करून देतो' म्हणत शाळेच्या किंवा घराच्या स्लॅबमध्ये प्लास्टिक मिसळू लागला, तर त्याला तिथेच थांबवावे. खांब, तुळई, स्लॅब यांत हा प्रयोग नको.

मग काहीच करायचे नाही का? तसे नाही. पाखाडीच्या, अंगणाच्या फरसबंदीचे ब्लॉक, बागेची कड, गटाराचे झाकण नव्हे तर त्याशेजारची पायवाट, अशी जिथे कुणाच्या डोक्यावर छप्पर नाही आणि जड गाडी चढत नाही, तिथे चाचणी घेऊन करून पाहायला हरकत नाही. पण वापर संपल्यावर हे ब्लॉक फुटून चुरा पुन्हा खाडीतच जाणार असेल, तर आपण कचरा फक्त बारीक करून परत टाकला, एवढेच होईल. फुटके ब्लॉक परत कोण घेणार, हे आधी ठरायला हवे.

2016 च्या प्लास्टिक कचरा नियमांनी गोळा करण्याची आणि वेगळे करण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीवरही टाकली आहे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याच्या प्लास्टिक केंद्रासाठी 16 लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. दळण्याचे यंत्र गावोगाव शोभेला ठेवण्यापेक्षा किनारपट्टीच्या गावांनी मिळून राजापूर तालुक्याच्या केंद्राचा आग्रह धरावा. जेटीवर जाळ्यांसाठी एक आणि बाटल्यांसाठी एक असे दोन पिंजरे ठेवणे तर आजही जमेल.

घर एकदाच बांधायचे असते. त्याच्या स्लॅबमध्ये गावाचा कचरा जिरवण्यापेक्षा तो खाडीत जाऊच न देणे स्वस्त पडेल.