कोवळे, जून आणि पाडाचे

परसबागेविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यातील बहुतेक मजकूर माती, शेणखत, आळे आणि पाणी यांवर खर्ची पडतो आणि तोडणीचा विषय ‘फळ तयार झाले की काढावे’ अशा एका वाक्यात उरकला जातो. वास्तविक घरच्या बागेचे उत्पन्न लावणीइतकेच, आणि काही भाज्यांच्या बाबतीत लावणीहूनही अधिक, तोडणीवर ठरते. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा. तेथे न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ, कुंपणावर तोंडली, मांडवावर दोडका, पडवळ आणि दुधी अशी जी मांडणी रूढ झाली, तिचा शेताहून वेगळा असा एकच मोठा लाभ आहे, तो म्हणजे ज्या दिवशी फळ तोडायला हवे, नेमके त्याच दिवशी ते तोडता येते. हा लाभ न घेता केलेली परसबाग ही केवळ शोभेची बाग होय.

भाजी म्हणून खाल्ली जाणारी बहुतेक फळे वनस्पतीच्या दृष्टीने अर्धवट असतात. बी पिकले की झाडाचे काम संपते. त्यामुळे एखादे फळ जून होईपर्यंत, म्हणजे त्यातील बी टणक आणि गर रेषाळ होईपर्यंत, वेलावर राहिले, तर झाडाचे अन्न त्या बियांकडे वळते आणि नवी फळे धरण्याचे प्रमाण घटते. भेंडीचे फूल उमलल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवशी फळ तोडण्याजोगे होते, आणि आणखी चार दिवसांत ते इतके निबर होते की शिजवूनही चोथाच उरतो. म्हणून भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, आणि पानाआड चुकून राहिलेली जून भेंडी खाण्याच्या कामाची नसली तरी तीही काढून टाकावी लागते. अनेक घरांत नेमके हेच होत नाही आणि मग ‘झाड लवकर दमले’ अशी तक्रार ऐकू येते.

दुधी कोवळा आहे की नाही हे सालीवरची बारीक लव आणि नखाची खूण यांवरून कळते, कारण नख सहज रुतले तरच आतील बी मऊ असते. पडवळाच्या टोकाला लहानसा दगड बांधण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे फळ वेटोळे न घेता सरळ लोंबते आणि मांडवाखालून जाणाऱ्याला ते सहज दिसते, हा त्यातला दुसरा फायदा. दुधीच्या बाबतीत मात्र एक काळजी अपरिहार्य आहे: या कुळातील वेलींत क्युकर्बिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात, ती वाढल्यास विषबाधा होते, म्हणून चिरताना एक फोड चाखून पाहावी आणि ती कडू लागली तर ते फळ, आपल्या हाताने वाढवलेले असले तरीही, टाकून द्यावे.

‘वेलाला नुसतीच फुले येतात’ ही दुसरी नेहमीची तक्रार. या वेलींवर नर आणि मादी फुले वेगळी येतात, प्रथम बहुधा नरफुलेच येतात, आणि ज्या फुलाच्या खाली चिमुकले फळ दिसते तेच मादीफूल असते. तांबड्या भोपळ्याचे फूल पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटते, तर दुधी, दोडका आणि पडवळ यांची फुले संध्याकाळी उमलतात. मधमाश्या कमी असलेल्या शहरी गच्चीवर नरफूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, त्यातील पराग मादीफुलाला हाताने लावायचे असतील, तर हे वेळापत्रक ठाऊक असलेच पाहिजे.

मृगाच्या पावसाबरोबर टोकलेले बी भाद्रपदात ऐन भरात येते, आणि ऋषिपंचमीची भाजी याच सुमारास केली जाते हा योगायोग नव्हे. बैलाच्या श्रमावर पिकलेले त्या दिवशी खायचे नाही, असा नेम असल्यामुळे अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, शिराळी, भोपळा अशी हाताने वाढवलेली परसातली भाजीच त्या पातेल्यात येते; म्हणजे हे व्रत एका परीने पावसाळी परसबागेच्या तोडणीचे पंचांगच ठरते.

फळझाडांचा न्याय याच्या उलट असतो. तेथे ‘पाड’ महत्त्वाचा, म्हणजे झाडावर फळ पूर्ण वाढून पिकण्याच्या उंबरठ्यावर येण्याची अवस्था. आंबा, केळ, पपई आणि चिकू ही फळे तोडल्यानंतरही इथिलीन या वायूच्या प्रभावाने पिकतात, त्यामुळे ती पाडाला आल्यावर काढून घरात ठेवता येतात. लिंबू आणि डाळिंब मात्र तोडल्यावर पुढे पिकत नाहीत, म्हणून तेथे घाई केल्यास भरपाई होत नाही. आंब्याचे देठाजवळचे खांदे वर उचलले गेले आणि फळ पाण्यात बुडू लागले की ते तयार झाले असे समजतात, आणि देठासकट झेल्याने उतरवतात, कारण देठ तुटल्यास चीक सालीवर ओघळून काळे डाग पडतात. पपईवर पिवळी रेघ दिसली की पुरे. अधिक थांबणे म्हणजे ती पक्ष्यांसाठी राखणे होय.

तांबडा भोपळा आणि कोकणातले मोठे तवसे, म्हणजे पावसाळी काकडी, ही पूर्ण जून करूनच काढतात. भोपळ्याचा देठ वाळला आणि सालीवर नख रुतेनासे झाले की तो काढून माळ्यावर महिनोन्महिने ठेवता येतो. तवशी केळीच्या सोपात किंवा झावळीत बांधून वाशांना टांगतात, आणि पुढे त्यांचेच धोंडस किंवा गोव्यात तवसळी होते.

वर सांगितलेल्या कोवळ्या तोडणीला एकच अपवाद करावा लागतो: बहर ऐन जोमात असताना सर्वांत डौलदार वेलावरचे एक फळ बियाण्यासाठी राखायचे, आणि ते वेलावरच वाळू द्यायचे. बाजारातल्या संकरित बियाण्याच्या पाकिटातून उगवलेल्या वेलावर मात्र हा खटाटोप वाया जातो, कारण अशा वेलाचे बी पुढच्या वर्षी मूळ वाणासारखे येत नाही.