पुठ्ठ्याची नौका आणि पालकांची संमती

लहान मुलाला उपदेश उमगत नाही, गोष्ट उमगते. त्या गोष्टीत त्याला स्वतःला एखादे पात्र रंगविता आले, तिच्यातली नौका पुठ्ठ्याची करता आली, तर ती जन्मभर विसरली जात नाही. ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी हे मर्म केव्हाच ओळखले. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ सिद्ध केले ते मराठी ओवीत. अमेरिकन मिशनचे ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक १८७३ मध्ये निघाले. नोहाची नौका, दावीद व गल्याथ यांची नाट्ये आणि हस्तकला हा त्याच परंपरेचा आजचा अवतार होय.

ख्रिस्ती पालकांनी आपल्या मुलांना हे जरूर शिकवावे. तो त्यांचा अधिकार आहे. आक्षेप आहे तो सुटीतील खेळ-गाण्यांच्या नावाखाली, पालकांना अंधारात ठेवून, अन्य धर्मीय मुलांना श्रद्धा देण्याला. शासनमान्य अथवा अनुदानित शाळेत अज्ञान मुलाला धार्मिक शिक्षण द्यावयाचे तर पालकांची संमती हवी, असे राज्यघटनेचे कलम २८(३) सांगते. खासगी शिबिराला हे कलम लागू नसेल. पण नीती तर लागू आहे? पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जात आहेत, या कारणावरून १८९३ मध्ये न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले. हे दोघे कर्मठ नव्हते, सुधारकांचे अग्रणी होते!

परंतु केवळ निषेधाने काय साधणार? सटाण्याचेच उदाहरण घ्या. दुष्काळात रयतेसाठी सरकारी खजिना खुला करणारे देवमामलेदार यशवंतराव महाराज याच गावचे दैवत. १६७२ मध्ये मराठ्यांनी खुल्या मैदानात मोगलांना धूळ चारली तो साल्हेर याच बागलाणात. याहून नाट्यमय कथा कोणती? दिवाळीत मातीचा किल्ला करणाऱ्या मुलांना हस्तकला का शिकवावी लागते? तरीही मार्गशीर्षातल्या यात्रेत मुले पाळण्यात बसून परततात. मामलेदारांची गोष्ट त्यांना कोणी सांगत नाही.

रिकामी जागा कोणीतरी भरतोच. प्रत्येक वस्तीवर, विशेषतः पश्चिमेकडील वनवासी पाड्यांवर, आठवड्यातून एक तास गोष्ट, नाट्य आणि मातीकाम यांसाठी देणारा कार्यकर्ता हवा; आणि त्याच्या वर्गात काय शिकविले जाते, हे पालकांना उघडपणे ठाऊक हवे. जो नियम इतरांना, तोच आपल्याला.