लंडनच्या तळघरातील फ्रान्स

पनवेलच्या खाडीला जेव्हा बंदराची प्रतिष्ठा होती, तेव्हा मुंबईहून पुण्यास निघालेला वाटसरू भरतीची वेळ साधून मचव्याने येथे येऊन उतरे, येथेच बैलगाडी नाहीतर पालखी ठरवी, आणि चौक, खोपोली असे टप्पे घेत बोरघाट चढून देशावर जाई. जलमार्ग संपून खुष्कीचा मार्ग जेथे सुरू होतो ते हे गाव. म्हणूनच, मुंबई-ठाणे आगगाडी धावण्याच्या आदल्याच वर्षी, 1852 साली, येथे नगरपालिका स्थापन झाली. पुढे 1863 मध्ये बोरघाटात रेल्वे चढली ती मात्र कल्याण-कर्जतच्या वाटेने, आणि पनवेल जे एकदा बाजूस पडले ते गेल्या शतकाच्या साठच्या दशकात दिव्याहून येथवर रूळ येईपर्यंत, सुमारे शंभर वर्षे, तसेच बाजूस राहिले. अशा गावात ज्याचे आयुष्य गेले त्याला, जेथे माणसे एक वाहन सोडून दुसरे धरतात, जेथे सामान उतरते, चौकशा होतात, निरोप दिले जातात, अशा जागांविषयी स्वाभाविकच जिव्हाळा असतो. मी परदेशात पाहिलेल्या वस्तूंपैकी मनात सर्वांत खोल जाऊन बसली आहेत ती दोन रेल्वेस्थानके, याचे कारण हेच असावे.

लंडनहून पॅरिसला समुद्राच्या तळाखालून जाणारी युरोस्टार ही वेगवान गाडी 14 नोव्हेंबर 1994 रोजी सुरू झाली. आरंभी ती वॉटर्लू स्थानकातून सुटे आणि इंग्लंडच्या भूमीवर जुन्या रुळांवरून सावकाश जाई. पुढे नवा वेगवान मार्ग पुरा झाला आणि 2007 च्या नोव्हेंबरात तिचे ठाणे सेंट पॅन्क्रस स्थानकात हलले. माझी कन्या लंडनमध्ये नोकरीस असल्यामुळे ह्या गाडीत बसण्याचा योग 2019 मध्येच यावयाचा, परंतु तो हुकला. इंग्लंडचा व्हिसा हाती असला की फ्रान्ससाठी निराळी परवानगी लागत नाही, असे आमची कागदपत्रे तयार करणाऱ्या एका दलालाने छातीठोकपणे सांगितले होते आणि आम्ही दोघांनी ते खरे मानले होते. स्थानकाच्या प्रवेशद्वाराशी तेथील कर्मचाऱ्याने पारपत्राची पाने पुन्हापुन्हा उलटली, अत्यंत सौजन्याने मान हलवली, आणि आम्ही सामानासह मागे फिरलो. सौ. त्या दिवशी फार बोलली नाही. तिकिटांचे पैसे गेले त्यापेक्षा, जी वाट इतरांना मोकळी आहे तिच्या उंबऱ्यावरून आपल्याला परतावे लागले, ह्याचा सल तिला अधिक होता, आणि मलाही.

2024 च्या मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो तेव्हा फ्रान्सचा व्हिसा मुंबईतच काढून घेतला होता. सेंट पॅन्क्रस ह्या वेळी मी डोळे भरून पाहिले. 1868 साली हे स्थानक उघडले. विल्यम हेन्री बार्लो ह्या अभियंत्याने त्याचे लोखंडी छत एकाच कमानीत, मध्ये एकही खांब न घालता, 240 फुटांच्या रुंदीवर तोलून धरले आहे. त्या काळी जगात एवढी विस्तीर्ण आच्छादित जागा दुसरी नव्हती. पुढील बाजूस जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट ह्या वास्तुकाराने रचलेले लाल विटांचे उत्तुंग हॉटेल उभे आहे. ते पाहताक्षणी मुंबईकराच्या तोंडून बोरीबंदरचे नाव निघाल्याखेरीज राहत नाही. आपल्या स्थानकाचे शिल्पकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स आणि स्कॉट हे एकाच युगाच्या अभिरुचीत वाढलेले होते आणि दोन्ही वास्तूंची तुलना पुष्कळांनी केली आहे. परंतु बोरीबंदरच्या दगडांवरील पाने, पक्षी आणि प्राणी जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहेत, ही गोष्ट तेथे उभे असताना मला आवर्जून आठवली आणि अभिमान वाटला. 1960 नंतरच्या काळात सेंट पॅन्क्रस पाडून टाकण्याचा विचार बळावला होता. कवी जॉन बेट्जेमन आणि त्यांच्यासारख्या काही हट्टी माणसांनी विरोध केला म्हणून ते वाचले. त्या कवीचा पुतळा आज स्थानकातच उभा आहे, हातात पिशवी, डोक्यावरची टोपी धरलेली, आणि नजर वर छताकडे लागलेली.

ह्या छताखालचे फलाट मात्र रस्त्याच्या पातळीपेक्षा बरेच उंचावर आहेत, आणि त्यांच्याखाली लोखंडी खांबांवर उभारलेले अवाढव्य तळघर आहे. बर्टन गावाहून आगगाडीने येणारी बियरची पिंपे साठवण्यासाठी ते बांधले, आणि दोन खांबांत किती अंतर ठेवावे हे बार्लोने पिंपाच्या मापावरून ठरवले. ज्या कोठारात शतकभर पिंपे राहिली, त्याच कोठारात आज पॅरिसला निघालेला प्रवासी आपली पाळी येण्याची वाट पाहत बसतो.

"बाबा, इथे गाडीत चढायच्या आधीच फ्रान्स लागतं हं," असे कन्येने आम्हांस आदल्या रात्री सांगितले होते, पण त्याचा अर्थ तेथे गेल्यावर उमगला. तिकीट दाखवून आत जावे, विमानतळावर होते तशी सामानाची तपासणी व्हावी, आणि दहा पावलांवर काचेच्या खिडकीआड फ्रान्सचा पोलीस अंमलदार, फ्रान्सच्या गणवेशात, फ्रान्सचा शिक्का हाती घेऊन बसलेला असावा, ही व्यवस्था वाचून समजत नाही. पाय इंग्लंडच्या भूमीवर, डोक्यावर इंग्लंडची आगगाडी, आणि परवाना तपासणारा पॅरिसच्या सरकारचा नोकर! त्याने आमच्या पारपत्रावर जो शिक्का मारला तो मी नंतर बाकावर बसून नीट न्याहाळला: कोपऱ्यात ताऱ्यांच्या कड्यात फ्रान्सचे आद्याक्षर, आत जाण्याचा बाण, आणि आगगाडीचे इवलेसे चित्र. विमानाने येणाऱ्याच्या शिक्क्यावर विमान असे, गलबताने येणाऱ्याच्या शिक्क्यावर गलबत. आता 2025 च्या ऑक्टोबरपासून शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची पद्धत युरोपात सुरू झाली आहे. ती सोयीची असेल, परंतु ते चित्र आमच्या पारपत्रात उमटले ह्याचे मला समाधान आहे.

त्या खिडकीपुढे उभा असता माझ्या मनात जे आले ते कोणाही मराठी माणसाच्या मनात आले असते. वासुदेव बळवंतांचे शिरढोण आमच्यापासून दोन-तीन कोसांवर. क्रांतिकारकांच्या कथा आम्ही ओटीवर बसून ऐकल्या आहेत. 13 मार्च 1910 रोजी पॅरिसहून आलेले सावरकर लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकात उतरले आणि तेथेच त्यांना अटक झाली. त्याच वर्षीच्या जुलैत, त्यांना हिंदुस्थानात नेणारी 'मोरिया' आगबोट मार्सेलिसच्या बंदरात उभी असता, 8 तारखेच्या सकाळी त्यांनी गवाक्षातून समुद्रात उडी घेतली, पोहत धक्का गाठला, आणि फ्रान्सच्या भूमीवर पाऊल ठेवले. तेथील फ्रेंच शिपायाने त्यांना धरून पाठलागावर आलेल्या इंग्रजांच्या हवाली केले. फ्रान्सच्या हद्दीत इंग्रजांचा अंमल कोणत्या न्यायाने चालला, ह्या प्रश्नावरून दोन सरकारांत वाद पेटला आणि प्रकरण हेगच्या लवाद न्यायालयापुढे गेले. 24 फेब्रुवारी 1911 च्या निवाड्यात, सोपवण्याच्या कृतीत अनियमितता झाली हे मान्य करूनही, कैदी परत करण्याचे बंधन इंग्लंडवर नाही, असे ठरले. एका मराठी तरुणाचे सारे आयुष्य त्या धक्क्यावरील काही पावलांच्या हद्दीवर टांगले गेले होते.

आणि त्याच दोन राष्ट्रांनी 1986 मध्ये कँटरबरी येथे करार केला, आणि त्यामागोमागच्या तहनाम्यांनी, परस्परांच्या अंमलदारांना परस्परांच्या भूमीवर राजरोस बसण्याची मुभा दिली. लंडनच्या स्थानकात फ्रेंच, पॅरिसच्या स्थानकात इंग्रज. शतकानुशतके एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन शेजाऱ्यांनी आपल्या घराच्या ओसरीवर दुसऱ्याचा कारकून बसवून घेणे, ह्याला जो परस्परविश्वास लागतो तो मला ताशी 300 किलोमीटरच्या वेगाहूनही मोठा पराक्रम वाटतो, आणि ह्या लेखाचा खटाटोप एवढेच सांगण्यासाठी आहे.

तळघरातून सरकत्या चढणीवरून वर गेलो की एकदम बार्लोच्या फिकट निळ्या कमानीखालचा उजेड अंगावर येतो आणि समोर गाडी उभी दिसते: सोळा डबे, सुमारे 400 मीटर लांबी. एवढी लांबी हौसेखातर नाही. समुद्राखाली दोन दिशांना दोन बोगदे आहेत, त्यांच्यामध्ये देखभालीचा तिसरा, आणि दर 375 मीटरवर त्या तिसऱ्यात जाण्याची वाट आहे. गाडी कोठेही थांबली तरी तिच्यासमोर एक तरी वाट यावीच, असा तो हिशेब. सारा बोगदा साडेपन्नास किलोमीटरांचा, पैकी 38 समुद्रतळाखाली. कोकण रेल्वेने ये-जा करणाऱ्या आम्हां पनवेलकरांना बोगद्यांचे अप्रूप नाही. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा आम्ही डब्यात गप्पा मारीत ओलांडतो. तरीही कानांत दडा बसून खिडकी काळी झाली तेव्हा सौ.ने माझा हात धरला तो वीस मिनिटे सोडला नाही. बोगद्यात गाडीचा वेग 160 पर्यंत उतरवलेला असतो, हे तिला सांगितले. त्याने तिचे समाधान झाले नाही. पुन्हा उजेड आला तेव्हा सपाट हिरवी शेते होती.

"अहो, मग समुद्र कुठे गेला?" तिने विचारले.

पॅरिसच्या गार द्यू नोर स्थानकात आम्ही सव्वादोन तासांनी उतरलो. सौ.ने दोन्ही पारपत्रे हातात धरून ठेवली होती आणि फलाटाच्या टोकापर्यंत ती तशीच धरून चालत राहिली. कोणी ती मागितली नाहीत. लंडनमध्ये सर्व पुरे झालेले असल्यामुळे येथे खिडकी नाही, रांग नाही. माणूस गाडीतून उतरतो आणि सरळ रस्त्यावर येतो. 2019 मध्ये उंबऱ्यावरून परतलेली ती, पॅरिसच्या रस्त्यावर कोणाच्याही परवानगीवाचून उभी राहिली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आले, त्यासाठी मी हा प्रवास आणखी दोनदा केला असता. मग आम्ही मागे वळून स्थानकाचे दर्शनी अंग पाहिले. जाक इन्यास हिटॉर्फ ह्यांनी 1860 नंतरच्या दशकात उभारलेल्या ह्या वास्तूवर तेवीस स्त्रीमूर्ती आहेत आणि प्रत्येक मूर्ती एकेका नगरीची आहे: सर्वांत वर पॅरिस, आणि शिखरावरच्या तिच्या सख्यांत ब्रुसेल्स, बर्लिन, व्हिएन्ना, आणि लंडनही. बोगद्याचा दगड फुटण्यापूर्वी सव्वाशे वर्षे लंडन तेथे दगडात येऊन उभी होती.

परतीच्या वेळी हाच क्रम उलटा झाला. स्थानकाच्या वरच्या मजल्यावर फ्रान्सने निरोपाचा शिक्का दिला, आणि काही पावलांवर इंग्लंडच्या अंमलदाराने कोठे राहणार, किती दिवस, परत केव्हा जाणार, असे विचारून आम्हांस इंग्लंडात घेतले, तेही पॅरिसमध्ये. गर्दी फार होती आणि बसावयास जागा अपुरी. वृद्ध माणसे पेट्यांवर बसलेली पाहिली. थोर वास्तूतही ही उणीव आहे, आणि ती सांगितली पाहिजे.

आपल्याकडे असे काही झालेच नाही असे समजण्याचे कारण नाही. कोलकात्याहून ढाक्यास जाणारी मैत्री एक्सप्रेस 14 एप्रिल 2008 रोजी सुरू झाली तेव्हा सरहद्दीवर गाडी थांबवून सर्व प्रवाशांना सामानासह खाली उतरवीत. परंतु 2017 च्या नोव्हेंबरपासून ही तपासणी कोलकात्यास आणि ढाक्यासच उरकू लागली. सेंट पॅन्क्रसची अर्धी वाट आपण चालून गेलो होतो. 1976 पासून धावणारी समझौता एक्सप्रेस 2019 च्या ऑगस्टात थांबली, आणि मैत्री 2024 च्या जुलैत. त्याची कारणे राज्यकर्त्यांना ठाऊक आणि त्यांतील काही गंभीर आहेत. पण रूळ जागेवर आहेत, आणि ज्यांची माणसे पलीकडे आहेत ते दोन्हीकडे आहेत. ह्या गाड्या पुन्हा धावाव्यात असे मला मनापासून वाटते.

आता विमानतळ आमच्या पनवेलच्या दाराशी आला आहे, आणि मुलांकडे इंग्लंडला जाणाऱ्या आईबापांची संख्या वाढणार हे उघड आहे. त्यांनी पॅरिसला विमानाने न जाता ह्या गाडीने जावे. इंग्लंडचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही. फ्रान्सचा व्हिसा मुंबईतच, निघण्यापूर्वी, स्वतः अर्ज वाचून काढावा. लंडनहून निघताना साजूक तूप आणि दुधाचे पदार्थ मुलांच्या घरी ठेवावेत, कारण इंग्लंडातून युरोपात ते नेऊ देत नाहीत. पेट्या आपल्या आपणच उचलाव्या लागतात, तेव्हा झेपतील तेवढ्याच भराव्यात. आणि स्थानकावर दीड तास आधी पोहोचावे. त्यातली दहा मिनिटे, तळघरात उतरण्यापूर्वी, त्या कवीच्या पुतळ्याशेजारी उभे राहून छताकडे पाहण्यासाठी ठेवावीत.