वाळूला रेणू नसतो!

आधीच कबूल करते. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदच आहे (संपादकांनी निस्तरला असेल अशी आशा). तरी हा लेख मराठी विभागालाच दिला, कारण तो फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीच्या ओरलबद्दल आहे.

मी आणि माझी रूममेट, रोल नंबर पाठोपाठ. एक्स्टर्नल सरांनी दोघींना एकच प्रश्न टाकला. कार्बन आणि सिलिकॉन एकाच ग्रुपमधले. दोघांच्या ऑक्साइडचं सूत्रही सारखं, एकाला दोन ऑक्सिजन. मग कार्बन डायऑक्साइड वायू आणि सिलिका, म्हणजे आपली वाळू, घन का?

मी फाडफाड इंग्लिशमधून सांगितलं की मॉलिक्युलर वेट! एकाचं ४४, दुसऱ्याचं ६०, जड म्हणून घन. वर "कोव्हॅलंट बाँड वीक असतो" हेही ठोकून दिलं. सर लिहीत होते. मग रूममेट. ती लातूरकडची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. ती म्हणाली, "सर, वाळूला रेणूच नसतो, ती सगळी..." सर म्हणाले, "इन इंग्लिश, प्लीज." तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि ओरल संपली. मला पंचवीसपैकी २१, तिला ११.

त्या रात्री ती रडली वगैरे नाही. मेसच्या मावशींकडून भिजवलेले हरभरे आणि वाटाणे घेऊन आली, उदबत्तीच्या उरलेल्या काड्या तोडल्या आणि म्हणाली, "बस इथं."

एका हरभऱ्यात चार काड्या, एकमेकींपासून जास्तीत जास्त लांब खोच. वहीवर आपण मिथेन काढतो तो अधिक चिन्हासारखा, सगळे कोन ९० अंशांचे. इथे ती वस्तू टेबलावर तीन पायांवर उभी राहिली आणि चौथी काडी वर! इलेक्ट्रॉनच्या जोड्या एकमेकींना ढकलतात, म्हणून कोन १०९.५. बारावीपासून हा आकडा मला पाठ होता, दिसला त्या रात्री.

मग कार्बन डायऑक्साइड. मधे हरभरा, दोन्ही बाजूंना दोन-दोन काड्यांनी जोडलेला एकेक वाटाणा, सरळ रेषेत. सगळ्यांचे हात भरलेले, कुणाला आणखी कोणी नको. हा झाला रेणू. आतला बंध दणकट, एकेक दुहेरी बंध तोडायला मोलमागे ८०० किलोज्यूलच्या आसपास लागतात. पण शेजारच्या रेणूशी नातं जेमतेम. ड्राय आइसचा वायू होताना आतल्या बंधाला धक्काही लागत नाही, फक्त रेणू एकमेकांपासून सुटतात, आणि त्याला उणे ७८ अंश पुरतात.

सिलिकॉनचा अणू मोठा, ऑक्सिजनशी दुहेरी बंध त्याला नीट जमत नाही. म्हणून तो चार ऑक्सिजन एकेरी बंधाने धरतो. प्रत्येक ऑक्सिजनचा एक हात मोकळा राहतो, तो दुसरा सिलिकॉन पकडतो, त्याला पुन्हा चार... आम्ही जोडत गेलो. हरभरे संपले, वाळू संपेना! क्वार्ट्झचा अख्खा कण म्हणजे असं एकच जाळं. सूत्रातला एकास दोन हा नुसता हिशोब, कारण प्रत्येक ऑक्सिजन दोघांत वाटलेला. ही वितळवायची तर खरे बंधच तोडावे लागतात, म्हणून १७०० अंशांच्या आसपास जावं लागतं. गंमत म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजन बंध त्या दुहेरी बंधापेक्षा कमी ताकदीचा, साधारण ४५० किलोज्यूलचा. म्हणजे माझं उत्तर दोन्ही बाजूंनी चूक. आणि वजनाचंच म्हणाल तर सल्फर हेक्झाफ्लोराइड १४६ भरतो आणि तरी वायूच असतो. (हिरा-ग्राफाइट सगळ्यांना पाठ असतं, ते सोडते.)

"सहसंयुज" हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. सह म्हणजे बरोबर, युज म्हणजे जोडणं. शब्दातच निम्मी व्याख्या! मला "कोव्हॅलंट"चं स्पेलिंग येत होतं, एवढंच.

सरांवर राग नाही. दिवसभर तोच प्रश्न पोरांना विचारून कोणीही कंटाळेल. पण मार्क नक्की कशाचे होते? केमिस्ट्रीचे असतील तर आमचे आकडे उलटे हवे होते. एआयसीटीईने २०२१ मध्ये मराठीसह काही भारतीय भाषांत इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली. मी तेवढंही मागत नाही. रूममेट स्वतःच म्हणते, "इंटरव्ह्यू इंग्लिशमधेच होणार, मला ते शिकायचंच आहे." माझं म्हणणं इतकंच की ओरलमध्ये पहिलं वाक्य मराठीत आलं तर ते पूर्ण होऊ द्यावं, हवा तो इंग्लिश शब्द सरांनीच पुरवावा. आणि माझ्यासारख्या फाडफाडवाल्यांना मधेच थांबवून हातात काड्या द्याव्यात, करून दाखव म्हणावं. लॅबच्या कपाटात मॉडेलचा डबा आहे, त्याला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही.

आमची वाळू दोन दिवस खिडकीत होती. नंतर सिलिकॉनला मोड आले, ऑक्सिजन मुंग्यांनी नेले. कुणाला पाहायची असेल तर रूमवर या, पुन्हा जोडू. हरभरे मात्र येताना आणा, मावशी आता देत नाहीत.