एक अक्षर चुकले की...

जपानमध्ये १९८६ साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा भूमिका घेऊन खेळायचा व्हिडिओ गेम आला. त्यात प्रगती साठवण्याची सोय नव्हती. थांबताना पडद्यावर २० जपानी अक्षरे उमटत. नायकाचे सोने, हत्यारे, अनुभव सारे त्यांत. ती वहीत उतरवायची व पुढच्या वेळी भरायची. १९८७ च्या दुसऱ्या भागात अक्षरे ५२ पर्यंत गेली! एक चुकले की खेळ अडे. खेळाडू चिडत, ते रास्तच.

मला मात्र त्यामागची युक्ती आवडते. अक्षरांतच एक पडताळा-संख्या दडलेली असे. उरलेल्यांशी तिचा हिशेब जुळला नाही की चूक उघडी पडे. चूक कोठे आहे, एवढे मात्र खेळ सांगत नसे. त्यासाठी आणखी अक्षरे लागली असती, आणि ५२ च काय कमी होती? १९८८ च्या तिसऱ्या भागात बॅटरी आली आणि वह्या सुटल्या.