‘ला’ म्हणजे ‘टू’?

फराळाआधी कारीट जिभेला लावण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याच चालीवर आज थोडे व्याकरण, आणि तेही इंग्रजीचे! मराठीच्या मास्तराला ही उठाठेव कशाला, असे वाचक म्हणतील. पण कारणच तसे घडले.

माझा एक जुना विद्यार्थी खाजगी बसने गावाहून येत होता. उतरताना सुट्या पैशांवरून कंडक्टरशी बाचाबाची झाली आणि त्याने याची पिशवी याच्या अंगावर भिरकावली. आतली तुपाची बरणी फुटली. मुलाने मालकांना इंग्रजीत तक्रार लिहिली : ‘ही हॅज थ्रोन माय बॅग टू मी.’ उत्तर आले, ‘आमच्या माणसाने पिशवी आपणांकडे टाकली. आपणांला ती झेलता आली नाही, त्याला आम्ही काय करणार?’

बिचारा पत्र घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, ‘सर, “मला फेकून मारली” यातल्या “ला”चे इंग्रजी “टू”च ना?’

दोष मुलाच्या बुद्धीचा नव्हे. ‘ला म्हणजे टू, त म्हणजे इन, वर म्हणजे ऑन’ या घोकंपट्टीचा आहे. ‘थ्रो टू’ म्हणजे समोरच्याने झेलावे म्हणून टाकणे. ‘थ्रो ॲट’ म्हणजे नेम धरून मारणे. मराठीत हा फरक ‘टाकणे’ आणि ‘मारणे’ ही क्रियापदे सांभाळतात. इंग्रजीत क्रियापद तेच राहते आणि सारा भार त्या इवल्या शब्दावर पडतो.

‘मुलगा खोलीत आहे’ आणि ‘मुलगा खोलीत गेला’ यांत आपला ‘त’ एकच. इंग्रजीत असण्याला ‘इन’, बाहेरून आत शिरण्याला ‘इनटू’. ‘ही रॅन इन द रूम’ म्हटलेत, तर मुलगा खोलीतल्या खोलीत धावत होता, असेही कुणी समजेल. गाडी खंडाळ्याच्या बोगद्यातून जाते तेव्हा ‘थ्रू’; त्याच बोगद्यातून बाहेर पडते तेव्हा ‘आउट ऑफ’. आपल्याला दोन्हीकडे ‘तून’ पुरतो.

उलट, कधी काहीच नको असते. ‘पुण्याला पोचलो’ म्हणजे नुसते ‘रीच्ड पुणे’. ‘घरी गेलो’ म्हणजे ‘वेंट होम’. तेथे ‘टू’ घुसडू नये. ‘अराइव्ह’ वापरले, तर मात्र शहराला ‘इन’ आणि स्टेशनाला ‘ॲट’.

तेव्हा प्रत्ययाचे भाषांतर करू नका. आधी चित्र डोळ्यांपुढे आणा. वस्तू स्थिर आहे की हलते आहे? हलत असेल तर कोठून कोठे? आत, पृष्ठावर, की नुसती दिशेने? आणि क्रियापद पाठ करायचे ते त्याच्या सोबत्यासह, जोडीनेच.

मी मुलाच्या पत्रात ‘टू’ खोडून ‘ॲट’ घातले. मग मालकांचे नाव वाचले, तर ते अस्सल मराठी! तेव्हा खाली एक मराठी ओळही लिहायला लावली : ‘पिशवी हातात दिली नाही, अंगावर फेकली.’

आठवड्याभरात बरणीची भरपाई आली. ती कोणत्या ओळीमुळे आली, हे मात्र मी विचारले नाही.